फ्रेम रिले दुव्याची गती : करारातील, तारेवरील आणि राउटरमधील

संदेशवहनाच्या दुव्याची 'गती' असा एकवचनी शब्दप्रयोग सर्रास केला जातो. फ्रेम रिले पद्धतीच्या दुव्यापुरता तरी तो दिशाभूल करणारा आहे. कारण तेथे गतीचे तीन निरनिराळे आकडे एकाच वेळी अस्तित्वात असतात. ग्राहकाच्या जागेपासून सेवादात्याच्या स्विचपर्यंतच्या तारेवर बिट ज्या घड्याळाने धावतात, ती जोडगती होय. तेवढा मजकूर सामान्य परिस्थितीत पलीकडे पोचविण्याची हमी सेवादाता घेतो, ती वचनबद्ध गती; व्यवहारात ती 'सीआयआर' या नावाने ओळखली जाते. याखेरीज राउटरच्या मांडणीत 'बँडविड्थ' म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. पहिली गती वस्तुस्थिती आहे, दुसरी करार आहे. तिसरा आकडा मात्र केवळ विधान आहे, आणि ते खोटेही असू शकते. बहुतेक घोटाळे या तिसऱ्या आकड्याविषयीच्या गैरसमजातून उद्भवतात.

वचनबद्ध गतीची आवश्यकता का भासली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पूर्वीच्या एक्स-२५ पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर मजकुराची तपासणी होई व चुकलेला भाग तेथूनच पुन्हा मागविला जाई. प्रकाशतंतूंच्या तारा आल्यावर चुका इतक्या घटल्या की ही दक्षता निव्वळ ओझे ठरू लागली. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ज्या नव्या सेवेची चौकट आखून दिली, तीत मधल्या स्विचने फक्त फ्रेम पुढे ढकलावी, सदोष फ्रेम टाकून द्यावी व दुरुस्तीचे काम दोन टोकांवर सोपवावे, असे ठरले. फ्रेम टाकून देण्याची मोकळीक एकदा मान्य केली की गर्दीच्या वेळी कोणाच्या फ्रेम टाकावयाच्या, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सीआयआर.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वचनबद्ध गती ही धावण्याची गती नव्हे. ती ठराविक कालखंडातील सरासरी होय. मराठवाड्यातील वाचकाला ही कल्पना शेजपाळीच्या दाखल्याने चटकन उमगेल. कालव्याच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्याची पाळी आली म्हणजे दार पूर्ण उघडते आणि पाणी पूर्ण विसर्गाने येते. पाळी सरली की दार बंद. पाण्याचा हक्क विसर्गात मोजला जात नाही, एका आवर्तनात मिळणाऱ्या एकूण पाण्यात मोजला जातो. फ्रेम रिलेतही असेच घडते. जोडगती सेकंदाला ६४ किलोबिट व सीआयआर ३२ किलोबिट असेल, तर तार कधीही ३२ च्या गतीने चालत नाही. ती चालते तेव्हा ६४ च्याच गतीने चालते. एका कालखंडात हमीने स्वीकारावयाचे बिट ४,००० ठरविले असतील, तर त्यांना सीआयआरने भागले असता कालखंड १२५ मिलिसेकंदांचा येतो. त्यातील पहिल्या ६२.५ मिलिसेकंदांत ४,००० बिट निघून जातात व उरलेला वेळ शिस्तीच्या राउटरने स्वस्थ बसावयाचे असते.

तो स्वस्थ बसला नाही तर? करारात आणखी ४,००० बिटांची जादा सवलत असल्यास स्विच त्या फ्रेम स्वीकारतो, परंतु त्यांवर 'प्रसंगी टाकण्यास योग्य' अशी एका बिटाची खूण करतो. पुढे वाट मोकळी असेल तर त्या सुखरूप पोचतात. गर्दी असेल तर बळी प्रथम त्यांचाच जातो. मार्ग तुंबू लागल्याची सूचना देण्यासाठी आणखी दोन बिट राखलेले असतात. एक घेणाऱ्याला कळवितो, दुसरा पाठविणाऱ्याला. ही सूचना मानण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही, आणि ती न मानणारी यंत्रे पुष्कळ होती.

आता राउटरमधील आकड्याकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की 'बँडविड्थ ३२' असे लिहिले म्हणजे राउटर तेवढ्याच गतीने मजकूर सोडील. तसे मुळीच होत नाही. गतीला आवर घालण्याची आज्ञा वेगळी असते. बँडविड्थचा आकडा मुख्यतः मार्गनिवड करणाऱ्या प्रणालींच्या माहितीसाठी असतो. त्या त्यावरून वाटेची किंमत ठरवितात व स्वस्त वाट पत्करतात. प्रचलित ओएसपीएफ प्रणालीच्या मूळ हिशेबात १० कोटींना त्या आकड्याने (सेकंदाला बिट या मापात) भागून किंमत काढली जाते. सिस्कोच्या राउटरवर क्रमिक दुव्यासाठी कोणी काहीच लिहिले नाही, तर १,५४४ किलोबिट हा आकडा गृहीत धरला जातो, मग तार प्रत्यक्षात कितीही कृश असो.

याचा परिणाम धाराशिव जिल्ह्याच्या भूगोलावर मांडून पाहण्यासारखा आहे. केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये मान्य केलेल्या राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेत राज्य, जिल्हा व तालुका या क्रमाने किमान २ मेगाबिटांच्या दुव्यांची कल्पना होती. या जिल्ह्यात तालुके ८. आता निव्वळ उदाहरणादाखल समजा, परंड्याहून भूममार्गे धाराशिवला २,०४८ किलोबिटांचे दोन टप्पे आहेत. शिवाय अडीअडचणीसाठी परंडा ते धाराशिव असा ६४ किलोबिटांचा एक थेट फ्रेम रिले दुवा राखून ठेवलेला आहे. मोठ्या टप्प्याची किंमत ४८. दोन टप्प्यांची ९६. राखीव दुव्यावर खरा आकडा लिहिला तर त्याची किंमत १,५६२ येते व तो राखीवच राहतो. आकडा लिहावयाचा राहून गेला, तर किंमत अवघी ६४! मग राउटर रुंद मार्ग रिकामा ठेवून सगळा मजकूर पाऊलवाटेवर लोटतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी खिडकीपुढे उभा राहिलेला शेतकरी खोळंबतो, सेवादात्याला दोष दिला जातो, आणि तार मात्र दोन्हीकडे धडधाकट असते. अशा दुव्यावर जोडगती न लिहिता सीआयआर लिहावा, हा सामान्य दंडक याचसाठी आहे. स्वस्ताईच्या मोहाने शून्य सीआयआरचा करार केला असेल, तर हा दंडक लागू पडत नाही. तेथे प्रत्यक्ष अनुभवास येणारी गती अजमावूनच आकडा लिहावा लागतो.

मुख्यालयाच्या बाजूची अडचण निराळी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी २,०४८ ची जोड व तालुक्याला ६४ ची, अशी विषमता असली की मुख्यालयाने एका दमात सोडलेला मजकूर दूरच्या स्विचमध्ये साचतो व सांडतो. म्हणून आवर घालावयाचा तो पलीकडच्या टोकाची गती पाहून. उलट दिशेने ८ तालुक्यांना प्रत्येकी ३२ किलोबिटांची वचने देऊन जिल्ह्याची जोड १२८ चीच ठेवली, तर २५६ ची वचने निम्म्या जागेत कोंबली जातात. सकाळी सर्व कचेऱ्या एकदम उघडतात त्या घटकेला हे वचन पाळले जाणे अशक्य असते.

फ्रेम रिलेची जागा पुढे एमपीएलएस व इथरनेट यांनी घेतली, तरी हा हिशेब नाहीसा झाला नाही. बीएसएनएलच्या एमपीएलएस सेवेत गोल्ड व सिल्व्हर या वर्गांना निवडलेल्या बँडविड्थच्या अनुक्रमे ७५ व ५० टक्के गती वचनबद्ध ठेवलेली आढळते. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतीला १०० मेगाबिटांचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी वापरलेल्या जीपॉन तंत्रात एका प्रकाशतंतूवर खाली उतरणारी २,४८८ मेगाबिटांची गती वाटून घेतली जाते. वाटेकरी ३२ असतील व सर्वांनी एकदम मागणी केली, तर प्रत्येकी सुमारे ७७ मेगाबिट पडतात. वर जाणाऱ्या दिशेला १,२४४ चीच गती असल्याने तेथे वाटा ३९ च्याही आत राहतो. वर जाणाऱ्या मजकुरासाठी याही तंत्रात 'निश्चित', 'हमीची' व 'जमेल तशी' असे गतीचे वर्ग पाडलेले आहेत.

दुवा तपासणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी एका ठिकाणी सावध असावे. राउटरवर दिसणारा भार सामान्यतः ५ मिनिटांच्या सरासरीचा असतो, आणि वर सांगितलेला करार १२५ मिलिसेकंदांत मोजला जातो. एका सरासरीच्या पोटात असे २,४०० कालखंड मावतात. त्यांतील निम्म्या कालखंडांत दुवा ओसंडून वाहिला व निम्म्यांत कोरडा राहिला, तरी पडद्यावर ५० टक्के एवढाच भार दिसेल. म्हणून प्रथम पाहावयाचे ते टाकून दिलेल्या फ्रेमांचे, खूण केलेल्या फ्रेमांचे व गर्दीच्या सूचनांचे मोजमाप. भाराचा आलेख त्यानंतर.