गोदाकाठचा सिंह आणि 'फँड्री'तला दगड

गोदावरीच्या काठी दाट झाडी आहे. तिथे एक बाई आपल्या प्रियकराला चोरून भेटते. पण अलीकडे एक देवभोळा गृहस्थ पूजेची फुलं तोडायला नेमका तिथेच येऊ लागलाय. एकांत गेला, वर आडोसाही विरळ होत चालला. एक कुत्रं त्याच्या अंगावर धावून जायचं, तेवढाच काय तो अडथळा. तर एके दिवशी ही बाई त्याला सांगते: महाराज, आता खुशाल फिरा. ते कुत्रं आज मेलं. या काठच्या झाडीत एक माजलेला सिंह राहतो ना, त्यानंच मारलं त्याला.

आता गंमत अशी, की मी वर सांगितलेली निम्मी गोष्ट मूळ गाथेत नाहीच. प्रियकर नाही, फुलं नाहीत, चोरून भेटणं नाही. दोन ओळींत फक्त त्या बाईचं बोलणं आहे. तेही अगदी सौजन्याचं: फिरा, घाबरू नका. तरी दीडेक हजार वर्षं ही गाथा वाचणाऱ्याला कळत आलंय की ती त्याला 'इकडे फिरकू नका' असं बजावते आहे. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी देऊन अभय देणारी बाई काय म्हणते आहे, हे सांगावं लागत नाही.

ही गाथा 'गाथासप्तशती'तली. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. संग्रहाचं श्रेय परंपरा सातवाहन राजा हाल याला देते. स. आ. जोगळेकरांनी या सगळ्या गाथा मराठीत आणल्या, त्याही भल्याथोरल्या प्रस्तावनेसह. खरं नवल मात्र गाथेच्या प्रवासाचं आहे. नवव्या शतकात ही गोदाकाठची बाई थेट काश्मिरात पोचली. अवंतिवर्मा राजाच्या काळात तिथे आनंदवर्धन नावाचा पंडित 'ध्वन्यालोक' लिहीत होता. बोललेल्या अर्थापलीकडे एक न बोललेला अर्थ असतो आणि तोच काव्याचा आत्मा, हा त्याचा दावा. असा दावा करायचा तर पुरावा हवा. त्यासाठी सुरुवातीलाच त्याने एकामागून एक पाच उदाहरणं दिली, आणि पाचही प्राकृतातली. वेद नाही, कालिदास नाही. साहित्यातल्या सर्वांत गहन सिद्धांताच्या दाराशी त्याने उभ्या केल्या त्या चतुर बायकांच्या थापा आणि टोमणे!

त्याच्या आधीच्या शास्त्रकारांना दोन अर्थ ठाऊक होते. एक शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे अभिधा. सरळ अर्थ अडला की लक्षणा. 'गंगेवर वस्ती आहे' असं कोणी म्हणालं, तर वस्ती काही पाण्यावर असू शकत नाही, म्हणून आपण 'काठावर' असं समजून घेतो. पण मग तो सरळ 'काठावर' का नाही म्हणाला? कारण 'गंगेवर' म्हटल्याने तिथला गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला चिकटतं. हे चिकटणं म्हणजे तिसरी शक्ती, व्यंजना. आपल्या बाईच्या बोलण्यात तर सरळ अर्थ कुठे अडतही नाही. कुत्रं मेलं, फिरा. वाक्य ठाकठीक आहे. ते शाबूत राहूनच त्यातून नेमका उलटा अर्थ उमटतो.

दुसऱ्या उदाहरणात घरी मुक्कामाला आलेला वाटसरू आहे. घरची सून त्याला दिवसाउजेडीच दाखवून ठेवते: सासूबाई इथे झोपतात, मी इथे, तुम्ही रातांधळे, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडाल हो! मनाईच्या रूपातलं हे आमंत्रण सगळ्यांना दिसतं. मला मोह पडतो तो 'रातांधळे'चा. वाटसरूचे डोळे धडधाकट असावेत असा माझा दाट संशय आहे. उद्या सासूला जाग आलीच, तर त्याने द्यायची सबब या बाईने आजच तयार करून ठेवली, तीही सासूच्या देखत.

पाचवं उदाहरण याच्याही पुढचं. एका बाईच्या ओठावर दाताचा व्रण आहे आणि नवरा आलाय. मैत्रीण मोठ्यांदा तिला झापते: भुंगा बसलेलं कमळ हुंगू नकोस म्हटलं होतं ना, भोग आता! 'ध्वन्यालोका'चा टीकाकार अभिनवगुप्त याने आपल्या 'लोचन' टीकेत या एका वाक्याचे ऐकणारे वेगवेगळे काढून दाखवले. नवऱ्याला कळतं, बायको निर्दोष आहे. शेजारपाजारच्यांच्या संशयाला लगाम बसतो. सवतींचा आनंद मावळतो. आसपास असलेल्या प्रियकराला तंबी मिळते, की आज निभावलं, पुन्हा असा उघडा पुरावा ठेवू नकोस. शब्द तेच, अर्थ मात्र कानागणिक निराळा.

सगळ्यांना हे पटलं असं मुळीच नाही. महिमभट्ट नावाच्या तर्कपटू काश्मिरी पंडिताने 'व्यक्तिविवेक' लिहून म्हटलं, कसली व्यंजना? हे साधं अनुमान आहे. धूर दिसला की आग, तसा सिंह आहे म्हणजे फिरणं धोक्याचं. यावर मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त दिलेलं उत्तर मला संस्कृत शास्त्रातला सर्वांत मिस्कील उतारा वाटतो, जरी तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने लिहिलेला आहे. तो म्हणतो, भित्रा माणूसही गुरूची आज्ञा असेल, प्रेमाची ओढ असेल, तर धोक्याच्या जागी जातोच. शिवाय कुत्र्याला भिणारा सिंहाला भिईलच असं नाही. वीर असू शकतो. आणि मुळात गोदाकाठी सिंह आहे याला आधार काय? या बाईचा शब्द! तो प्रमाण कसा मानायचा? थोडक्यात, न्यायालयात हा खटला उभा राहणार नाही. तरी गाथा वाचताच अर्थ चमकतो. सिद्ध न होताही जो पक्का कळतो, अशा अर्थाला अनुमान म्हणता येत नाही.

म्हणून वाटेल तो अर्थ काढायची मुभा मिळाली, असंही नव्हे. कोण बोलतंय, कुणाशी, आवाजाला हेल कसा आहे, जवळ तिसरं कोण आहे, जागा कुठली, वेळ कुठली, हे सगळं पाहायला मम्मट सांगतो. 'सूर्य मावळला' हे त्याचं आवडतं वाक्य. गुराख्याला ते गुरं वळवायला सांगतं, व्यापाऱ्याला माल आवरायला, अभिसारिकेला निघायला.

ही यादी हाताशी ठेवून सिनेमा पाहावा. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'त (1964) एकटी पडलेली चारू छोट्या दुर्बिणीतून खिडकीबाहेरचा रस्ता न्याहाळते. मग पुस्तकात डोकं घातलेला नवरा तिच्याजवळून, तिच्याकडे न बघता निघून जातो, आणि ती पाठमोऱ्या नवऱ्यावरही तीच दुर्बीण रोखते. दोघांत अंतर पडलंय हे सांगायला संवादाची गरज उरत नाही.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (2013) गावाबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्या जब्या या मुलाच्या घरच्यांना गावातलं डुक्कर पकडायला लावलंय. धावाधाव करून ते हाती लागणार, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थिजतो, मग घरचेही. डुक्कर निसटतं. सरळ अर्थ एवढाच की राष्ट्रगीताला उभं राहतात. पण उभं कोण आहे, कोणत्या कामातून थांबून, कोणाच्या देखत? डुकराला कसलंच बंधन नाही, आणि ज्यांना गावाने गावात धरलेलं नाही ते शिस्तीत उभे आहेत. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते. तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. कॅमेरा तिथे रेंगाळून बोट दाखवत नाही. भिंत नसती तर ओझं वाहणारी माणसं दिसली असती, बाकी काही नाही.

शेवटी चिडवणाऱ्या पोरांवर जब्या दगड भिरकावू लागतो, आणि अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. भुंग्याच्या त्या गाथेसारखाच इथेही ऐकणारा बदलला. गोष्टीत तो दगड गावातल्या पोरासाठी आहे. चित्रपटगृहात तो, मघाशी त्या पळापळीवर गावकऱ्यांबरोबर हसलेल्या प्रेक्षकासाठी आहे, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या, एकदाही न हसलेल्या, जब्याच्याच वस्तीतून आलेल्या मुलासाठी त्याचा अर्थ तिसराच आहे.