योजना सभेपुढे कशी मांडावी : वाराणसीच्या घाटावरील एक उदाहरण

एखादी योजना कितीही चांगली असली, तरी ती ज्यांच्या हातून पार पडावयाची असते त्यांना पटल्यावाचून कागदावरच राहते. लेखी अहवाल सवडीने वाचता येतो. न समजलेले पान पुन्हा उलटून पाहता येते. सभेत ऐकलेल्या शब्दांचे तसे नसते. वक्त्याच्या तोंडून निघालेले वाक्य श्रोत्याने त्याच क्षणी धरले तर धरले, नाही तर ते गेले. म्हणून अहवाल लिहिणे आणि तोच विषय तोंडी मांडणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. यांपैकी दुसऱ्या कामात काय काय येते, हे वाराणसीतील एका योजनेच्या आधारे पाहू.

नदी आणि नगर

वाराणसीजवळ गंगा उत्तरवाहिनी होते आणि चंद्रकोरीसारखा बाक घेत नगराला वळसा घालते. पश्चिम काठावर अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत घाटांची रांग आहे. पेशवे, नागपूरकर भोसले आणि अहिल्याबाई होळकर यांनी तेथे घाट बांधविले वा दुरुस्त करविले, त्यामुळे मराठी माणसाला हा काठ परका नाही. या घाटांवर रोज हजारो लोक स्नान करतात व ओंजळीतील पाणी तोंडी लावतात. त्याच प्रवाहात नगराचे मैलापाणीही येऊन मिळते.

हे थांबविण्यासाठी १४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वाराणसी येथे गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. घाटांजवळ पंप बसविण्यात आले आणि दीनापूर येथे दिवसाला ८ कोटी लिटर पाणी शुद्ध करू शकेल असे केंद्र उभारले गेले. परंतु पंप विजेवर चालत. वीज गेली की मैलापाणी पुन्हा नदीत जाई किंवा नगरातील वाहिन्यांत तुंबे. पुराच्या दिवसांत तर पंपघरे बंदच ठेवावी लागत. शिवाय दीनापूरच्या पद्धतीत पाण्यातील सेंद्रिय घाण पुष्कळ कमी झाली, तरी रोग पसरविणाऱ्या जंतूंचा नाश तेवढ्या प्रमाणात होत नसे.

वक्ता कोण होता

या योजनेतील दोष दाखवून पर्यायी योजना मांडणाऱ्यांत वीरभद्र मिश्र हे प्रमुख होते. वडिलांच्या निधनानंतर वयाच्या चौदाव्या वर्षी ते संकटमोचन हनुमान मंदिराचे महंत झाले. पुढे त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात ते जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. १९८२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संकटमोचन फाउंडेशनची स्थापना केली. महंत म्हणून गंगास्नान हा त्यांचा नित्यनेम होता, आणि अभियंता म्हणून त्या पाण्यात काय आहे हे त्यांना ठाऊक होते. सभेत बोलणाऱ्याचा विषयाशी काय संबंध आहे, हे श्रोते प्रथम पाहतात. मिश्र यांच्या बाबतीत ते वेगळे सांगावे लागत नसे.

श्रोत्यांची भाषा

पर्यायी योजना दोन प्रकारच्या लोकांना पटवून द्यावयाची होती. एक वर्ग घाटावरील भाविकांचा, आणि दुसरा अधिकाऱ्यांचा व अभियंत्यांचा. भाविकाला ‘गंगा अपवित्र झाली आहे’ असे सांगितले, तर तो ऐकून घेण्याचेच नाकारील. कारण त्याच्या दृष्टीने हे वाक्य गंगेची निंदा आहे. मिश्र यांनी हे नेमके ओळखले होते. गंगा ही आपली आई आहे आणि तिच्या अंगावर मैला टाकला जात आहे, हे आपण सहन करावे काय, असा प्रश्न विचारला तर तोच भाविक आपल्या बाजूस येतो, असे ते सांगत. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन कल्पना त्यांनी वेगळ्या ठेवल्या. त्यांच्या चळवळीचे नाव ‘स्वच्छ गंगा अभियान’ असे होते, यातही हा विवेक दिसतो.

अभियंत्यांपुढे मात्र भावनेने काम भागत नाही. तेथे मोजमाप लागते. यासाठी तुळशी घाटावर प्रयोगशाळा उभारण्यात आली आणि नदीच्या पाण्याचे नमुने नियमाने तपासले जाऊ लागले. वस्तुस्थिती एकच असते. ती कोणासमोर कोणत्या बाजूने दाखवावयाची हे मात्र वक्त्याला ठरवावे लागते. त्यासाठी वस्तुस्थितीत फेरफार करण्याची गरज नसते.

थोडे आकडे, पण समजणारे

तोंडी मांडणीत आकड्यांची गर्दी झाली की श्रोता एकही आकडा लक्षात ठेवीत नाही. मैलापाण्याच्या प्रश्नात दोन मापे पुरतात. पहिले माप जैवरासायनिक प्राणवायू-मागणीचे. पाण्यातील घाण कुजविताना सूक्ष्म जीव किती प्राणवायू वापरतात, हे त्यावरून कळते. स्नानयोग्य पाण्यात ही मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे भारतीय मानक आहे. दुसरे माप विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंचे. हे जंतू माणसाच्या व उष्ण रक्ताच्या इतर प्राण्यांच्या आतड्यांत राहतात. पाण्यात ते सापडले, तर तेथे विष्ठा मिसळली आहे आणि तिच्याबरोबर रोगजंतूही असू शकतात, असे समजावे. १०० मिलिलिटर पाण्यात त्यांची संख्या ५०० पर्यंत असावी आणि कोणत्याही परिस्थितीत २,५०० च्या पुढे जाऊ नये, असा दंडक आहे. नगराच्या खालच्या अंगास ती लाखांच्या घरात जात असे.

केवळ ‘२,५००’ म्हटल्याने सामान्य श्रोत्याला काही बोध होत नाही. १०० मिलिलिटर म्हणजे साधारण अर्धा पेला. मर्यादा हजारांत आहे आणि प्रत्यक्ष मोजणी लाखांत, असे सांगितले की प्रश्न किती मोठा आहे ते ध्यानात येते. आकडा सांगताना त्याच्या शेजारी त्याची मर्यादा ठेवावी, हा नियम सर्वच विषयांना लागू आहे.

उपाय क्रमाने सांगावा

मिश्र यांच्या योजनेचे दोन भाग होते. घाटांच्या कडेने मोठी मलवाहिनी घालून तिच्यातील पाणी केवळ उताराने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, नगराच्या खालच्या अंगास न्यावयाचे. त्यामुळे घाटांवरील पंपांची व तेथे लागणाऱ्या विजेची गरज राहत नाही. त्यानंतर ते पाणी तलावांच्या मालिकेतून सोडावयाचे. ही तलावपद्धती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील अभियंते विल्यम ऑस्वाल्ड यांनी विकसित केली होती, आणि कॅलिफोर्नियातील सेंट हेलेना या लहान गावात ती १९६० च्या दशकापासून चालत होती.

पहिल्या खोल तलावाच्या तळाशी गाळ बसतो व प्राणवायूवाचून कुजतो. दुसऱ्या उथळ तलावात सूर्यप्रकाशात शैवाल वाढते; ते प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जगणारे जीवाणू उरलेली घाण खातात. तिसऱ्यात शैवाल खाली बसते. शेवटच्या तलावात पाणी बरेच दिवस उन्हात राहिल्याने आतड्यांतील जंतू मरतात. यंत्राने हवा भरण्याऐवजी येथे ते काम ऊन आणि शैवाल करतात.

असे वर्णन करताना पाण्याच्या एका थेंबाबरोबर श्रोत्याला तलावातून तलावात नेले, तर त्याला तांत्रिक संज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. भिंतीवर टांगलेली एक मोठी आकृती अशा वेळी दहा तक्त्यांचे काम करते. मात्र आकृती दाखवून वक्त्याने तिच्याकडेच तोंड करून बोलू नये.

आक्षेप आपणच सांगावे

प्रत्येक योजनेत उणिवा असतात. तलावांना जमीन पुष्कळ लागते. लहान गावात जी पद्धत चालली ती लाखो वस्तीच्या नगरात चालेल काय, हा प्रश्न रास्त आहे. नदीकाठच्या सखल जमिनीला पुराचे भय असते. वक्त्याने हे आक्षेप लपविले, तर सभेतील एखादा सभासद ते उठवितो आणि मग इतर सर्व म्हणणेही संशयास्पद वाटू लागते. आपण होऊन आक्षेप मांडावा, त्यावर काय उपाय योजला आहे ते सांगावे, आणि जेथे उत्तर अपुरे असेल तेथे लहान प्रमाणावर प्रयोग करून पाहण्याची मागणी करावी.

शेवटी सभेकडे नेमके काय मागितले आहे, हे एका वाक्यात सांगावे. याच नगरातील बनारस हिंदू विश्वविद्यालयाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९०५ मध्ये विश्वविद्यालयाची छापील रूपरेषा प्रसिद्ध केली आणि पुढे ते गावोगाव बोलत फिरले. मागणी स्पष्ट होती : एक कोटी रुपये. १९१५ मध्ये कायदा झाला आणि ४ फेब्रुवारी १९१६ रोजी कोनशिला बसली. हातात छापील योजना आणि तोंडी एकच मागणी, असा तो मेळ होता.

मांडणीची मर्यादा

मिश्र यांच्या योजनेला मात्र असे यश आले नाही. नव्वदच्या दशकात वाराणसीच्या नगर निगमाने तिच्या बाजूने कौल दिला. परंतु वरच्या पातळीवरचा निर्णय वर्षानुवर्षे लांबत गेला. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘ग्लोबल ५००’ सन्मान देऊन मिश्र यांचा गौरव केला. १३ मार्च २०१३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ती तलावांची मालिका उभी राहिली नव्हती. पुढे नगराची शुद्धीकरणाची शक्ती वाढविण्यात आली. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी दीनापूर येथे दिवसाला १४ कोटी लिटर क्षमतेच्या नव्या केंद्राचे उद्घाटन झाले. त्यासाठी पत्करलेला मार्ग वेगळा होता.

मग त्या सर्व मांडणीचा उपयोग काय झाला? पंप बंद पडले की काय होते आणि कोलिफॉर्म मोजल्यावाचून नदी स्वच्छ झाली असे का म्हणता येत नाही, हे दोन प्रश्न त्या प्रयत्नांमुळे घाटावरच्या चर्चेत आले. कोणतीही नवी योजना आली, तरी तिला या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. निर्णय वक्त्याच्या हाती नसतो. प्रश्न नीट समजावून देणे मात्र त्याच्या हाती असते.

शाळेतही या कामाचा सराव करता येईल. विहिरीची स्वच्छता, पावसाच्या पाण्याची साठवण, वाचनालयासाठी नवे कपाट, असा एखादा विषय घ्यावा आणि दहा मिनिटांत तो वर्गापुढे मांडावा. नंतर ज्याला त्या विषयाची काहीच माहिती नव्हती, अशा एका विद्यार्थ्याने ऐकलेली योजना आपल्या शब्दांत परत सांगावी. त्याच्या सांगण्यात जे गळले असेल, ते वक्त्याने नीट सांगितलेले नाही असे समजून तेवढा भाग पुन्हा तयार करावा.