येतंय असं वाटणं आणि खरंच येणं



सहामाहीचे पेपर तपासून झाले आणि पालकसभा बोलावली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बाई, घरी सगळं येत होतं हो त्याला, पेपरात काय झालं कळत नाही." ऐकणाऱ्या शिक्षकाला वाटतं, घरी अभ्यास घेतलाच नसेल. पालकांना वाटतं, पेपरच अवघड काढला असेल. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो. मुलाने अभ्यास केलेला असतो आणि घरी त्याला येतही असतं. पण ते येणं पुस्तक समोर उघडं असताना, किंवा नुकतंच मिटलेलं असताना. पेपरात यावं लागतं ते पुस्तक दप्तरात ठेवून, आठ-दहा दिवसांनी.

वाचलेलं पुन्हा वाचणं हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका अभ्यास. "पाच वेळा वाच" असं आई सांगते आणि मूल वाचतं. तिसऱ्या वाचनाला धडा ओळखीचा वाटू लागतो, पाचव्याला तर पुढचं वाक्य कुठलं हेही कळतं. या ओळखीलाच मूल "मला आलं" म्हणतं. एसटी स्टँडवर एखादा चेहरा अगदी ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तसाच हा प्रकार. चेहरा ओळखता येणं वेगळं आणि नाव आठवणं वेगळं. पेपरात नावच विचारतात.

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा लगेच पुन्हा वाचायचा. दुसरा पुन्हा वाचायचा नाही, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवलं आणि लिहून काढलेल्यातलं ७५ टक्के. म्हणजे वाचणं जिंकलं. आठवड्यानंतर ज्यांची चाचणी घेतली त्यांच्यात मात्र उलट झालं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्के, आठवून लिहिलेलं ५६ टक्के.

हे आकडे मला पटतात, कारण त्यांत पालकांचं म्हणणं आणि पेपरातले गुण दोन्ही बसतात. रात्री वाचून घेऊन लगेच विचारलं तर वाचणाऱ्या मुलाला खरंच जास्त येत असतं. पालक खोटं बोलत नाहीत. ते फक्त पाच मिनिटांनंतरची चाचणी घेत असतात.

आता पाठांतराचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्ञानरचनावादाची प्रशिक्षणं झाली, २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, आणि "घोकंपट्टी नको" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी बसलं. त्यातून चांगलंच झालं, वर्गात मणी-माळा, काड्यांचे गठ्ठे, फरशीवरची रेखाटनं आली. पण काही ठिकाणी त्याचा अर्थ "काही पाठच करू नका" असा घेतला गेला. दुसरीकडे जुन्या पिढीचा आग्रह असतो की आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ होतं, म्हणून आमचं गणित पक्कं.

दोन्ही बाजूंना एक प्रयोग सुचवते. पाढा खडखडीत म्हणणाऱ्या मुलाला मध्येच विचारा, "सात आठे किती?" बरीच मुलं ओठातल्या ओठात "सात एके सात"पासून सुरू करतात आणि आठव्या पायरीवर येऊन छप्पन्न सांगतात. त्यांना पाढ्याची चाल पाठ आहे, सात आणि आठचं नातं अजून हाताशी नाही. भागाकार करताना तर ५६ मध्ये सात किती वेळा, असं उलटं जावं लागतं आणि चाल तिथे काहीच मदत करत नाही. म्हणून पाढा म्हणून घ्या, जरूर घ्या, पण चालीत म्हणून झाला की फोडा. उलटा विचारा, मधूनच विचारा, "छप्पन्न कोणाकोणाच्या पाढ्यात येतात?" असं विचारा. पाढा पाठ असलेलं मूल शाब्दिक उदाहरणात गुणाकारावर अडखळत नाही, उदाहरणाचा विचार करायला त्याचं डोकं मोकळं राहतं. पाठांतराचा उपयोग तो. समजून घेण्याला पर्याय म्हणून ते केलं तर मात्र ते पोकळच.

आपल्या पालीत तर पाठांतराचं उदाहरण घरोघरी आहे. बल्लाळेश्वराच्या गावातल्या पाच वर्षांच्या मुलालाही गणपतीची आरती येते. पुस्तक घेऊन कोणी ती त्याच्याकडून घोकून घेतलेली नसते. भाद्रपदात रोज संध्याकाळी सगळ्यांबरोबर म्हणायची, माघात पुन्हा म्हणायची, मध्ये कुणाच्या घरी पूजा असेल तर तिथे म्हणायची. थोडा वेळ जातो, थोडं विसरतं, पुन्हा आठवून म्हटलं जातं. पक्कं होण्यासाठी याहून चांगली व्यवस्था नाही. पण त्याच आरतीतले शब्द मुलाकडून एकदा लिहून घ्या. चार-सहा शब्द भलतेच निघतील, आणि तेही इतके पक्के की सुधारताना दमछाक होते. कारण टाळांच्या आवाजात कोणी थांबवून "असं नाही, असं" म्हटलेलं नसतं. आठवण्याबरोबर लगेच दुरुस्ती लागते, ती अशी.

गणिताच्या पुस्तकात हातच्याची बेरीज शिकवली की खाली हातच्याच्या बेरजेचीच उदाहरणं. दहाच्या दहा बरोबर येतात, बाई खूश, मूल खूश. पुढे चाचणीत सगळं मिसळून आलं की वर्गातून आवाज येतो, "बाई, बेरीज करायची की वजाबाकी?" उत्तर काढायला मूल शिकलं, पण कुठली क्रिया करायची हे ठरवायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली असंच तपासलं. काही विद्यार्थ्यांना घनफळाची उदाहरणं प्रकारवार दिली, काहींना मिसळून. सरावात प्रकारवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळलेल्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा प्रकारवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळलेले ६३ वर राहिले. नवीन पद्धत शिकवताना पहिली चार-पाच उदाहरणं एकाच प्रकारची हवीतच. त्यानंतर मात्र मागच्या महिन्यातलं एखादं मध्ये घुसवावं. मुलं कुरकुरतात, वहीत लाल खुणा वाढतात, आणि पालक विचारतात की काल तर सगळं बरोबर होतं. त्यांना हे आकडे दाखवावेत.

आता आपल्याच, म्हणजे शिक्षकांच्या, लाडक्या समजुतींकडे वळू. डीएड करताना आपण सगळ्यांनी एडगर डेलचा अनुभवशंकू काढला आहे. त्याच्याबरोबर प्रशिक्षणांच्या हॉलमध्ये एक तक्ता असतो: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५०, बोललेलं ७०, केलेलं ९०. डेलने १९४६ साली आपल्या पुस्तकात शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. जरा विचार केला तरी शंका यायला हवी. माणसांवर केलेल्या कुठल्या मोजणीत सगळी उत्तरं अशी शून्याने संपणारी येतात? आणि काय वाचलं, कोणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, यातलं काहीच तक्त्यात नाही.

दुसरी समजूत जास्त नुकसान करते. काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. म्हणून ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा. ऐकायला किती छान वाटतं! हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन चाळलं. प्रश्न साधा होता: 'श्राव्य' म्हणवणारी मुलं ऐकून जास्त शिकतात आणि 'दृक्' म्हणवणारी पाहून जास्त शिकतात, असं नीट प्रयोगाने दिसलंय का? मानण्याजोगा पुरावा सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरंच आहे. पण कसं शिकवायचं हे बहुधा विषय ठरवतो. रायगडचा नकाशा सगळ्यांनी बघायलाच लागतो, कविता सगळ्यांनी ऐकायलाच लागते, लिटर समजायला सगळ्यांनी पाणी मोजायलाच लागतं. हॉवर्ड गार्डनर यांची १९८३ ची बहुविध बुद्धिमत्तांची मांडणी हीदेखील वेगळी गोष्ट आहे. तिची आणि या शैलींची गल्लत करू नका, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

नुकसान कसं होतं? "आमचा कानाने शिकणारा आहे" असं एकदा घरात ठरलं की त्याच्या हातात पुस्तक देणं हळूहळू बंद होतं. तिसरीत जे मूल वाचताना अडखळतंय त्याला वाचनाचा सराव सगळ्यात जास्त हवा, आणि नेमका तोच कमी होतो. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारे लोकही याच भाषेत बोलतात आणि छापील रिपोर्टचे काही हजार रुपये घेतात. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच तयार झालेल्या असतात, त्यावरून मुलाला भागाकार कसा शिकवावा हे कळत नाही. मेंदूचा दहाच टक्के भाग आपण वापरतो, हेही तसंच निराधार. पालकांनी हे पैसे वाचवावेत, एवढंच म्हणते.

वर्गात करायला खर्च काहीच नाही. परिपाठानंतर पाच मिनिटं काढा. चार प्रश्न: दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. अंबा नदी कुठल्या खाडीला मिळते, आपल्या जिल्ह्याचं १९८१ पूर्वीचं नाव काय, सात आठे किती, असे. हात वर करायला सांगितलं तर तीच पाच मुलं दरवेळी उत्तर देतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघतात. त्यापेक्षा प्रत्येकाने पाटीवर लिहायचं आणि "वर" म्हटलं की सगळ्यांनी पाट्या वर करायच्या. सगळी मुलं आठवतात, आपल्याला एका नजरेत वर्ग दिसतो, आणि धरमतर किंवा कुलाबा हे उत्तर लगेच फळ्यावर लिहिता येतं. गुण द्यायचे नाहीत. गुण आले की शेजारच्याची पाटी बघणं सुरू होतं.

घरी आई-बाबांना वाचता येत नसलं तरी चालतं. पुस्तक मिटून "आज काय शिकलास ते मला सांग" एवढं विचारावं. अडला तर पुस्तक उघडून त्यानेच शोधावं आणि पुन्हा मिटून सांगावं. लहान वर्गांत, पहिली-दुसरीत, थोडी सूचना द्यावी लागते, चित्र दाखवावं लागतं. अगदी कोऱ्या पाटीवर आठवणं त्यांना जड जातं. आणि जे मूल अजून अक्षरंच ओळखत नाही त्याला प्रश्न विचारून काही होणार नाही, त्याला आधी शिकवायलाच हवं.

राहिला विसरण्याचा प्रश्न. आपल्या सुधागड तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. सगळीच मुलं हंगामी वसतिगृहात राहत नाहीत. जूनमध्ये ती परत येतात तेव्हा आपण एक-दोन प्रश्न विचारतो, उत्तर येत नाही, आणि "सगळं विसरला, पहिल्यापासून सुरुवात" असा शेरा बसतो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि पुढे त्या किती राहिल्या हे मोजायचं. पहिल्या दिवसातच बरंच निसटतं, हे त्याचं निरीक्षण सगळीकडे सांगतात. पण त्याने मोजलं काय होतं? तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, हे. आठवत नाही म्हणून पाटी कोरी झालेली नसते. दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

म्हणून जूनच्या पहिल्या पंधरा दिवसांत या मुलांना एकदा विचारून शेरा मारू नये. सोमवारी विचारावं, नाही आलं तर तिथल्या तिथे सांगावं, बुधवारी पुन्हा विचारावं, पुढच्या सोमवारी पुन्हा. विटा मोजून आलेल्या मुलाला शेकड्याचा हिशोब विटांतच घालावा. पंधरा दिवसांत किती परत आलं ते वहीत तारखेने लिहून ठेवावं, आणि मग ठरवावं की त्याला कुठून शिकवायचं.