मीटरचा उजेड बदलताना

जुन्या गाड्यांच्या मीटरमागे काचेचे चिमुकले बल्ब असतात, बहुधा टी-५ किंवा टी-१० मापाचे. होल्डर किंचित पिळला की बल्बासकट हातात येतो. त्या जागी एलईडी बसवणं सोपं. पण एलईडीला प्लस-मायनस असतं. पेटला नाही तर फेकू नका, उलटा लावून बघा.

हवा तोच रंग मिळेल असं मात्र नाही. अनेक मीटरांत उजेडाच्या वाटेवर हिरवी किंवा निळी फिल्म असते. तिच्यामागे लाल एलईडी लावला तर उजेड जवळपास गायब! पांढरा लावला तर फिल्मचाच रंग दिसतो. शिवाय साधा बल्ब चहूबाजूंना उजळतो, एलईडी बहुधा समोरच. म्हणून काही आकडे लखलखीत, काही मंद.

बॅटरीच्या चिन्हामागचा बल्ब सोडून द्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो. तिथे एलईडी घातला तर चार्जिंगच सुरू न होण्याची शक्यता. इशाऱ्याच्या दिव्यांचे रंगही बदलू नयेत: लाल धोक्याचा, निळा अप्परचा.

निळा झगझगाट फोटोत झकास, रात्री हायवेवर डोळ्यांत खुपणारा. मंद लाल-नारिंगी उजेडात अंधाराला सरावलेली नजर कमी बिघडते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काटे उपसायचेच असतील तर त्यांच्या जागेवर टेप लावून खूण करा; काटा जरा सरकून बसला तरी स्पीड खोटा दिसतो.