पित्ताच्या वाटेचा सांधा

काळीज या शब्दाचा जुना अर्थ यकृत असाच आहे. लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणतो, ते मायेपोटी. परंतु शल्यशास्त्राने हे बोलणे शब्दशः खरे करून दाखविले आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९८९ साली रसेल स्ट्राँग या शल्यवैद्यांनी आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसविला आणि ते मूल जगले. आपल्याकडे दिल्लीत १९९८ साली पित्याने आपल्या बालकाला असेच दान दिले.

हे दान शक्य होते याचे कारण यकृत पुन्हा वाढते. दात्याजवळ उरलेला भाग आणि रुग्णाला दिलेला भाग, दोन्ही काही आठवड्यांत बरेचसे भरून येतात. पित्तनलिकेचे मात्र तसे नाही. ती कापली की हातानेच जोडावी लागते. आणि या शस्त्रक्रियेतील सर्वांत हळवी जागा हीच होय.

असे का व्हावे? यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते व ते आतड्यात पोचावेच लागते. रक्तवाहिनीच्या टाक्यातून थोडे रक्त झिरपले तर ते गोठते आणि छिद्र बुजते. पित्त गोठत नाही. ते पोटात साचून दाह करते. दुसरे असे की, यकृताला नीला व रोहिणी या दोन वाटांनी रक्त मिळते, पण पित्तनलिका जगते ती मुख्यतः रोहिणीवर. म्हणून तिच्याभोवतीचे मऊ आवरण खरवडून तिला उघडी पाडणे घातक ठरते. रक्त कमी पडले की सांधा पुढे आकसतो, पित्त तुंबते आणि कावीळ परत येते.

सांधण्याच्या रीती दोन. नलिकेला नलिका जोडली तर पित्ताची नैसर्गिक वाट कायम राहते, आणि पुढे सांधा अरुंद झाल्यास तोंडावाटे दुर्बीण घालून तो रुंद करता येतो. परंतु काही बालकांच्या पित्तनलिका अगदी तान्हेपणीच बुजून गेलेल्या असतात. तेथे स्विस शल्यवैद्य सेझार रू यांच्या नावाची रीत उपयोगी पडते: लहान आतड्याचा एक फाटा वर नेऊन तो थेट यकृताच्या नलिकेला शिवतात.

खरी कसोटी मात्र त्याआधीच, दात्याच्या मेजावर लागते. उजव्या भागाच्या नलिका पुष्कळदा निरनिराळ्या फुटतात. छेद मुख्य नलिकेच्या अगदी जवळ घेतला तर रुग्णासाठी एकच रुंद तोंड मिळते, परंतु दात्याची नलिका आवळली जाण्याचे भय राहते. थोडा दूर घेतला तर दाता निर्धोक राहतो, पण रुग्णाकडे दोन-तीन बारीक तोंडे जातात आणि तितकेच सांधे करावे लागतात. म्हणूनच नलिकेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी नकाशा पाहिल्यावाचून शल्यवैद्य कात्री चालवीत नाहीत.

या दोन-तीन मिलिमीटरांत कोणाची बाजू घ्यावी? आम्हांस वाटते, उत्तर एकच आहे. दाता धडधाकट माणूस आहे. तो स्वतःच्या आजारासाठी मेजावर आलेला नाही. अवघड सांधे शल्यवैद्याने आपल्या माथी घ्यावेत, दात्याच्या माथी नव्हेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर रुग्णाविषयी विचारताना ‘दात्याच्या नलिका कशा आहेत?’ हाही प्रश्न निःसंकोचपणे विचारावा.