साथीचे रोग, आपली विहीर आणि टोळीचा तळ
— ऊस विकास अधिकारी



या पानावर दरवेळी मी लागवडीची तारीख, बेणे, खताची मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. हंगाम तोंडावर आला. थोड्याच दिवसांत तोडणीच्या टोळ्या येतील, बायका-पोरे आणि बैल घेऊन तळावर उतरतील. त्यांच्या पाण्याची सोय पुष्कळदा आपल्याच विहिरीवरून होते. खारपाणपट्ट्याच्या काठाला तर गोड्या पाण्याची एक विहीर असली की चार वस्त्या तिच्यावर अवलंबून असतात. म्हणून साथ कशी पसरते, ती अडते कशी आणि आजवर समाजाने त्यासाठी काय केले, हे जरा सविस्तर सांगावे असे वाटले. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकेचा माणूस आहे. पण रोगाची चाल उसात काय आणि माणसात काय, बरीचशी सारखीच असते.

काणीचेच उदाहरण घ्या. एका बेटातून चाबकासारखा काळा पट्टा बाहेर येतो. शेतकरी म्हणतो, एकच बेट आहे, जाऊ द्या. आठ दिवसांत त्यावरील काळी भुकटी वाऱ्याने उडते आणि शेजाऱ्याच्या फडात जाते. आम्ही सांगतो की पट्टा दिसताच त्यावर हळूच पिशवी चढवा, मग कापा, बेट मुळासकट उपटा, जाळा, आणि शेजाऱ्याला कळवा. यातले पहिले सगळे लोक करतात. शेवटचे कोणी करत नाही. ‘माझ्या फडात काणी आहे’ असे कळले तर उद्या बेण्याला गिऱ्हाईक येणार नाही, ही भीती असते. रोग लपतो तो इथे. माणसांच्या साथीतही असेच होते असे माझे मत आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती आहे.

आपल्याच जिल्ह्यातली, फार जुनी नव्हे अशी घटना पाहा. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. नळयोजनेची वीज थकीत बिलापायी तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते, असे त्या वेळी छापून आले. पावसाचे दिवस, विहिरीला कठडा नाही, वरचे सगळे वाहून आत. चारपाच दिवसांत जिल्ह्यातील रुग्णसंख्या पावणेदोनशेच्या वर गेली आणि पाच माणसे दगावली. पटकीचा जंतू काही नवा नव्हता, औषध माहीत होते, उपाय शंभर वर्षांपासून माहीत होता. तुटली होती ती विजेची तार आणि तिच्यामागची व्यवस्था. साथ जंतूमुळे येते हे खरे. पण ती कोणत्या गावात येईल हे बिल, कठडा, पंप आणि पावडरीचा डबा यांवर ठरते.

आपल्याकडे पटकी, देवी, गाठीचा ताप यांना पूर्वी मरीआईचा कोप समजत. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला तर मराठीत ‘मानमोडी’ हे नावच पडले. मध्यप्रांत-वऱ्हाड हा त्या साथीचा सर्वांत जबर तडाखा बसलेल्या मुलखांपैकी एक. त्यात त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. त्या काळी लस नव्हती, औषध नव्हते. मानमोडीपुढे समाजाजवळ फारसे काही नव्हतेच, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

प्लेगाची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या आरंभी पुण्यात पोचला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. झडती, सामान बाहेर फेकणे, माणसे उचलून वेगळ्या छावणीत नेणे असा कारभार सुरू झाला. वास्तविक रोग्याला वेगळे ठेवणे हा विचार चुकीचा नव्हता. पण ज्या रीतीने तो केला त्याने लोक हादरले. घरात गाठ आलेला माणूस असला तर त्याला माळ्यावर लपवू लागले, मेलेला रात्रीतून पुरू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो आहोत. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवायचे ते असे की धाकाने शोधायला गेले आणि रोगी दडले.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना टोचण्याआधी स्वतःला टोचणे ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते. खेड्यापाड्यांतून लोक आपणहून गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. उंदराच्या अंगावरील पिसवा रोग नेतात हे शास्त्रज्ञांनी १८९८ च्या सुमारास दाखवले, लोकांना ते ठाऊक नव्हते. पण उंदीर पडू लागले की घर सोडावे एवढे त्यांनी हेरले होते, आणि ते बरोबर होते.

तो १८९७ चा कायदाच मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात सर्वांआधी लागली ती आपल्या वऱ्हाडात. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर येथे आठवड्याची टाळेबंदी झाली, ती पुढे वाढली. तो काळ सर्वांना आठवतो, त्याचे वर्णन नको. मला सांगायचे आहे ते त्याआधीच्या, एप्रिल २०२० मधील एका गोष्टीबद्दल. देशभर टाळेबंदी होती आणि राज्यातील साखर कारखान्यांच्या तळांवर सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकून पडले होते. पालाच्या खोप्या, वर उन्हाळा, गावाकडे म्हातारे एकटे. १७ एप्रिलला शासनाने त्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय घेतला: चौदा दिवस तळावर काढलेले असावेत, वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि गावच्या सरपंचाला आधी कळवावे. ही शेवटची अट कागदावर लहान दिसते. पण न कळवता टोळी गावात शिरली असती तर वेशीवरच काठ्या निघाल्या असत्या.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यावर, दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होतो. तेथे तळावर एका झोपडीत दोन पोरांना हगवण लागली. मुकादमाने तीन दिवस कोणाला सांगितले नाही. चौथ्या दिवशी अकरा माणसे आडवी झाली तेव्हा बातमी आली. मी त्याच्यावर ओरडलो. तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, सांगितलं असतं तर टोळी परत लावली असती. उचल कुठून फेडायची?” मला उत्तर देता आले नाही. त्या वेळी तसेच घडले असते हे मलाही माहीत होते. दोन पोरांपैकी धाकटी मुलगी वाचली नाही. तिचे नाव मला माहीत नव्हते, हजेरीपत्रकात पोरांची नावे नसतात.

म्हणून मी म्हणतो, जो सांगतो त्याचे नुकसान होता कामा नये. जेथे जेथे साथ खरोखर अडली तेथे हे पाळलेले दिसते. देवीचा रोग घ्या. १९७० च्या दशकात आरोग्य कर्मचारी घरोघर चित्र दाखवत फिरले आणि देवीचा रोगी दाखवणाऱ्याला रोख बक्षीस लावले. रोगी कमी होत गेले तसे बक्षीस वाढत गेले, शेवटी ते हजार रुपयांवर गेले. रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचून वेढा घालायचा, अशी ती पद्धत. १९७५ साली देशातील शेवटचा रोगी झाला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. नारूचे तर त्याहून नवल. त्यावर लस नाही, औषध नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी फडक्याने गाळून प्यायला शिकवले, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. एवढ्याशा फडक्याचे हे काम!

२०२२ मध्ये, पटकीनंतर दोन महिनेही झाले नसतील, आपल्या पट्ट्यात जनावरांचा लम्पी चर्मरोग आला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसला, पोळा होतो न होतो तोच अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरला. तो माणसाला होत नाही. डास, गोमाशी, गोचीड यांच्यामार्फत जनावरातून जनावरात जातो. बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना मोफत टोचली गेली. आणि दगावलेल्या जनावरामागे मदत मिळाली: गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. बैल गेल्याचे दुःख पैशाने भरत नाही, आणि २५ हजारांत बैल येतही नाही. पण मदत होती म्हणून लोक दवाखान्यात येऊन सांगत होते, जनावर रातोरात दुसऱ्या बाजारात नेऊन विकत नव्हते. सगळेच तसे वागले असे मी म्हणणार नाही.

आता आपल्या विहिरीकडे येऊ. पावडर टाकायला गेलो की एखादे आजोबा म्हणतातच, “साहेब, आमचे आबाजी याच इहिरीचं पानी पेले अन् नव्वद वर्सं जगले. आता काहून पावडर?” आबाजी जगले हे खरे. पण त्यांची जी भावंडे पाळण्यातच गेली ती सांगायला आज नाहीत. आपल्याच मातीतल्या, शेंडगावच्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले, ते उगीच नव्हे.

विहिरीत किती पाणी आहे ते काढणे सोपे आहे. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, आणि शेवटी ७८५ ने गुणा. तितके लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर झाले. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर धरली की सुमारे १४० ग्रॅम लागते. पावडर थेट विहिरीत फेकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली बरीचशी भरून दहा मिनिटे ठेवावी. चुना खाली बसतो. एका बादलीत शंभर ग्रॅमच्या वर घेऊ नये. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडावी आणि खालीवर, आजूबाजूला हलवावी. बादलीतला चुना बाहेर टाकावा. त्यानंतर एक तास पाणी कोणी भरू नये. संध्याकाळी टाकली तर कोणाचीच अडचण होत नाही. साथ असेल त्या दिवसांत रोज टाकावी.

आणि कोणाला पाण्यासारखे जुलाब लागलेच तर दवाखान्याची गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. पटकीने माणूस मरतो तो अंगातले पाणी व मीठ संपल्याने. नुसते पाणी पाजले तर आतडे ते नीट घेत नाही, पण त्यात साखर असली की साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी आत ओढले जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि मिठाचे पाणी पिंपांतून वाटले. पाजायला नातेवाईकच बसवले. शंभरात वीस-तीस माणसे मरत होती तेथे तीन-चारच मरू लागली. क्षारसंजीवनीची पुडी जवळ असेल तर तीच वापरावी. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. जास्त गोड केले तर गुण येतो असे नाही, उलट जुलाब वाढतात. आपण इतके टन ऊस पिकवतो, त्यातले सहा चमचे कोठे उपयोगी पडतात हे आपल्या घरातील सर्वांना माहीत असावे.

तळावर जुलाबाचा रोगी निघाला तर ती टोळी परत लावली जाऊ नये आणि उचलीचा तगादाही होऊ नये, असे मी शेतकी विभागाच्या बैठकीत मांडले आहे. ज्यांच्या फडात टोळी असेल त्या सभासदांनीही मुकादमाला हे आपल्या तोंडाने सांगावे. माझ्यापेक्षा त्याचा तुमच्यावर जास्त विश्वास असतो. टोळीच्या बैलांना लम्पीची लस टोचली आहे का, हेही उतरतानाच विचारून घ्यावे.

टीसीएल पावडर गट कार्यालयात आली आहे, वजन करून मिळेल. येताना विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली कागदावर लिहून आणावी, हिशेब आमचे फिल्डमन करून देतील. सोबत घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणावा. कापडी पिशवीत नेलेली पावडर घरी जाईपर्यंत निम्मी मरते, आणि पिशवीला भोके पडतात ती वेगळीच.