बँकेच्या साहेबाची सही कुठे अडते?

माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक तक्रार ठरलेली असते. "सर, योजना आहे, जाहिरात आहे, पण सरकारी बँकेतला साहेब काही सही करत नाही." आज आपण त्या साहेबाच्या खुर्चीत बसून बघूया. त्याची बाजू घ्यायची म्हणून नाही, तुमची फाईल पुढे सरकावी म्हणून.

मी दुकानात उधारी देतो तेव्हा पैसे माझे असतात. बुडाले तर घरी दोन शब्द ऐकून घेतो, विषय संपला. बँकेतला अधिकारी देतो ते पैसे ठेवीदारांचे असतात. शिवाय कायद्याच्या भाषेत तो लोकसेवक, म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा त्याला लागू. या कायद्यात २०१८ पर्यंत एक तरतूद अशी होती, की लोकहित नसताना कुणाला आर्थिक फायदा मिळवून दिला, तर अधिकाऱ्याने स्वतः एक रुपयाही घेतलेला नसला तरी तो गुन्हा ठरू शकत होता. २०१८ च्या दुरुस्तीत ती तरतूद गेली. पण जो माणूस निम्मी नोकरी त्या धाकात करून आलाय, त्याचा हात लगेच सैल होत नाही.

आता त्याचा हिशोब बघा. दहा कर्जं व्यवस्थित फिटली तरी त्याचा पगार तेवढाच. एक थकलं, की जुनी फाईल निघते आणि प्रश्न सुरू होतात. उलट 'नाही' म्हटल्याबद्दल त्याला सहसा कुणी जाब विचारत नाही. माझ्या मते खरं दुखणं इथे आहे.

सरकारलाही हे कळलं होतं. २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांसाठी नियम आखून दिले: फ्रॉड नसेल आणि कर्ज ५० कोटींपर्यंतचं असेल, तर खातं एनपीए झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत कर्मचाऱ्याच्या जबाबदारीची तपासणी संपवा. प्रामाणिक चुकीला शिक्षा नको, हा त्यामागचा विचार. (एनपीए म्हणजे हप्ता ९० दिवसांहून जास्त थकलेलं खातं.)

"पण सर, मुद्रा लोनला सरकारची गॅरंटी असते ना?" असते. पण ती बँकेला असते, तुम्हाला नाही! तुमचं देणं त्याने माफ होत नाही. बँकेलाही सगळीच रक्कम मिळत नाही, आणि क्लेम करताना कर्ज नीट तपासून दिलं होतं हे दाखवावं लागतं. म्हणजे गाडी पुन्हा फाईलवरच आली.

बरं, त्याला तुमची गरज नाही असंही नाही. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. शेतकरी आणि छोट्या धंदेवाल्यापर्यंत कर्ज पोचावं हा तेव्हाचा मोठा उद्देश. आजही बँकेच्या कर्जातले ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला आणि त्यात ७.५ टक्के सूक्ष्म उद्योगांना द्यायचं टार्गेट आहे. एकीकडे टार्गेट, दुसरीकडे धाक. मधे तो बसलाय.

त्याला हवा असतो असा कागद, जो त्याची बदली झाल्यावरही ऑडिटरने वाचला तर कर्ज का दिलं हे समजेल. तो कागद तुम्ही द्यायचा.

समजा तुमची पिठाची गिरणी आहे आणि शेजारी मसाल्याची डंकी टाकायला ४ लाख हवेत. ११ टक्के व्याज, ५ वर्षं धरली तर हप्ता साधारण ८,७०० रुपये. आता डंकीचा धंदा कसा चालतो? मार्च ते मे दळायला रांग लागते, घरोघरी वर्षाचा मसाला होतो. जुलै-ऑगस्टमध्ये डंकी जवळपास बंद. मग पावसाळ्यातला हप्ता कुठून भरणार? गिरणीच्या कमाईतून. हे महिनावार एका पानावर लिहा. नाहीतर बाजारात मिळतो तो छापील प्रोजेक्ट रिपोर्ट, त्यात विक्री दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते आणि पावसाळा कधी येतच नाही! साहेबाने असे शेकडो पाहिलेत.

सोबत मशीनचं जीएसटी नंबर असलेलं कोटेशन, उद्यम नोंदणी, थ्री फेज कनेक्शनचा कागद आणि गिरणीची रोजची विक्री दिसणारं बँक स्टेटमेंट. गल्ल्यातली रोकड खात्यात भरतच नसाल, तर तुमचा धंदा कागदावर अस्तित्वातच नाही. ही सवय कर्ज मागायच्या वर्षभर आधी लावा.

एजंटाला पुढे करू नका. स्वतः जा, महिन्याच्या शेवटचे दिवस टाळा आणि सरळ विचारा, "साहेब, या फाईलमध्ये तुम्हाला कुठे शंका वाटते?" एवढं करूनही नकार आला, तर कारण लेखी मागा. भांडून नाही, शांतपणे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते द्यायला हवं. कारण हातात आलं, की काय दुरुस्त करायचं ते कळेल. दुरुस्ती करा आणि पुन्हा त्याच टेबलावर जा.